केटामिन देऊन मानसोपचार: त्या तासाआधी काय, त्या तासात काय, नंतर काय

‘फ्रेंड्स’ मालिकेतला चँडलर, म्हणजे नट मॅथ्यू पेरी, ऑक्टोबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचं मुख्य कारण म्हणून केटामिनचं नाव आलं. आणि नेमक्या याच औषधाची जाहिरात अमेरिकेतले शेकडो दवाखाने ‘गोळ्यांनी न हटणाऱ्या नैराश्यावर उपाय’ म्हणून करत असतात. तिकडे राहणारी आपली मुलं, भाचरं, पुतणे या जाहिराती बघतात. त्यातल्या कुणी उपचार सुरू केले की पुण्यात नाहीतर नाशिकात फोनवर ते नाव ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. नेटवर शोधावं तर एका ठिकाणी ‘घोड्याला द्यायची भूल’ असं लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी ‘चमत्कार’.

हा उपचार प्रत्यक्षात कसा होतो ते क्रमाने बघू. माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून ठेवणं बरं. औषधाचा अंमल असतो तो तास, ज्याची सगळीकडे चर्चा होते, तो या उपचाराचा सगळ्यात लहान भाग आहे. त्याआधीची तपासणी आणि त्यानंतरचे आठवडे ज्या दवाखान्यात नीट सांभाळले जात नाहीत, तिथे पैसेही जातात आणि जिवाला धोकाही होतो.

### केटामिन म्हणजे काय?

केटामिन हे मुळात भुलीचं औषध. १९६२ मध्ये अमेरिकेत पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते बनवलं, १९७० मध्ये तिथे वापराची परवानगी मिळाली आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांवर ते भरपूर वापरलं गेलं. त्याचा मोठा गुण म्हणजे बहुतेक भुलींनी श्वास मंदावतो आणि बीपी पडतं, तसं याने सहसा होत नाही. म्हणून जिथे यंत्रसामग्री तोकडी असते तिथे डॉक्टरांना ते हाताशी लागतं. भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग, मोडलेलं हाड बसवणं, लहान मुलांच्या छोट्या शस्त्रक्रिया यांसाठी आपल्याकडच्या रुग्णालयांतही ते वर्षानुवर्षं वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. घोड्यांना देतात हे खरंच आहे, पण माणसांना देतात ते काही उरलंसुरलं म्हणून नव्हे.

या भुलीची तऱ्हा मात्र वेगळी. रुग्णाचे डोळे उघडे असू शकतात, पण तो आपल्या शरीरापासून, आजूबाजूपासून तुटल्यासारखा होतो. वेदना दबते, आणि उरली तरी ती ‘माझी’ वाटत नाही. या तुटलेपणाला डॉक्टर डिसोसिएशन म्हणतात. भुलीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत माणूस बेशुद्ध होत नाही, पण हे तुटलेपण थोडंफार येतंच. पुढची सगळी गोष्ट या कमी मात्रेची आहे.

### भुलीचं औषध नैराश्यावर कसं आलं?

२००० मध्ये येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नैराश्याच्या अवघ्या सात रुग्णांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम केटामिन, चाळीस मिनिटांत, सलाईनमधून. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. इथे काही तासांतच फरक दिसायला लागला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे यांच्या गटाने अठरा रुग्णांवर हेच करून पाहिलं. हे रुग्ण असे की आधीची अनेक औषधं त्यांना लागू पडलेली नव्हती. एका दिवसात ७१ टक्के लोकांना ठळक आराम पडला.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जाहिरातींत येत नाही. हा आराम आठवडाभर टिकला तो ३५ टक्क्यांनाच. म्हणजे आराम पडलेल्यांपैकी निम्म्या लोकांचा गुण सात दिवसांत ओसरला. एका मात्रेने बरं होतं ते बहुधा काही दिवसांपुरतं किंवा फार तर काही आठवड्यांपुरतं, हे पुढच्या अभ्यासांनीही पुन्हा पुन्हा दाखवलं आहे.

असं होतं का? पूर्ण उलगडा झालेला नाही, पण एक बाजू बरीच तपासली गेली आहे. मेंदूतल्या पेशी रसायनांच्या मार्फत एकमेकींशी संपर्क ठेवतात. रोजच्या गोळ्या मुख्यतः सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. केटामिन काम करतं ग्लुटामेट या दुसऱ्या, मेंदूत सगळीकडे पसरलेल्या रसायनावर. २०१० मध्ये येलमध्येच उंदरांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की केटामिननंतर मेंदूच्या पुढच्या भागात पेशींमधले नवे जोड एका दिवसात तयार होतात. दीर्घ ताणामुळे नेमके हेच जोड झडलेले असतात.

शेतकऱ्याला हे पटकन कळेल. पाऊस पडून गेला की रानात वाफसा येतो. जमीन धड चिखल नाही, धड कोरडी नाही, पेरणीला नेमकी. तो थोडेच दिवस टिकतो. त्यात पेरलं तर उगवतं, हुकलं तर जमीन पुन्हा आवळते. केटामिननंतरचे काही दिवस मेंदूला असाच वाफसा असतो, जुन्या विचारांची पकड सैल झालेली असते आणि नवी सवय, नवी नजर रुजू शकते, असं या उपचारामागचं म्हणणं आहे. उंदरांवरून माणसावर येताना हे अजून अनुमानच आहे, पण उपचाराची आखणी त्याच्यावर बेतलेली आहे.

### यात मानसोपचार कुठे आला?

अमेरिकेत आज केटामिनच्या नावाखाली तीन वेगवेगळे प्रकार चालतात आणि त्यांची सरमिसळ झाल्याने बराच गोंधळ होतो.

पहिला, नुसतं सलाईन. तुम्ही जाता, खुर्चीत बसता, औषध चढतं, घरी येता. बोलणं जवळपास नाही. दुसरा, नाकात मारायचा एस्केटामिनचा फवारा, स्प्रावाटो. केटामिनच्या रेणूची वस्तू आणि तिची आरशातली प्रतिमा अशी दोन रूपं असतात, त्यांतलं एक म्हणजे एस्केटामिन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मार्च २०१९ मध्ये न हटणाऱ्या नैराश्यासाठी मंजूर केलं ते हेच. साधं केटामिन आजही तिथे कुठल्याही मानसिक आजारासाठी मंजूर नाही. डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर देतात, आणि कायद्याने तशी मुभा आहे.

तिसरा प्रकार आपल्या विषयाचा: केटामिनच्या साहाय्याने मानसोपचार. यात औषध आणि समुपदेशकाबरोबरचं बोलणं एकत्र गुंफलेलं असतं. कल्पना जुनी आहे. त्या वेळच्या लेनिनग्राडमध्ये डॉक्टर येवगेनी क्रुपित्स्की यांनी १९८० च्या दशकात दारूच्या व्यसनावर ती वापरली. त्यांच्या नोंदींप्रमाणे केटामिन आणि मानसोपचार मिळालेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोक वर्षभर दारूपासून लांब राहिले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास होतं. आकडे डोळे दिपवणारे, पण कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर पूर्ण भार टाकता येत नाही. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये ९६ लोकांवर काटेकोर चाचणी झाली. केटामिन मिळालेल्यांचे सहा महिन्यांतले दारूविना दिवस जास्त भरले, मात्र पुन्हा पिण्याकडे वळणाऱ्यांच्या संख्येत ठाम फरक दिसला नाही. क्रुपित्स्कींच्या आकड्यांपुढे हा फरक खूपच माफक आहे.

### आधी: कुणाला देत नाहीत

चांगल्या ठिकाणी पहिली भेट औषधाची नसते. बीपी, हृदय, लिव्हर, लघवीच्या तक्रारी, आधीची औषधं, घरातला मानसिक आजारांचा इतिहास, सगळं विचारलं जातं. ताब्यात नसलेलं बीपी, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, रक्तवाहिनीला आलेला फुगा, गर्भारपण, स्किझोफ्रेनियासारखा भास-भ्रमांचा आजार, सध्या चढलेला उन्माद, सध्या चालू असलेलं व्यसन, यांतलं काही असेल तर बहुतेक डॉक्टर थांबतात. सख्ख्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर तेही सांगायला हवं. आपल्याकडे ही गोष्ट लपवली जाते, लग्नाच्या वेळी लपवली जाते तशीच डॉक्टरांपासूनही. इथे लपवणं महागात पडू शकतं.

झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी क्लोनाझेपाम, लोराझेपाम अशा गोळ्या चालू असतील तर केटामिनचा गुण कमी येऊ शकतो, म्हणून डॉक्टर त्यांबद्दल विचारतात. पण त्या मनाने बंद करू नयेत. अचानक सोडल्या तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. कमी करायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू.

त्यानंतर बोलण्याच्या एक-दोन-तीन बैठका. यात समुपदेशक तुमची गोष्ट ऐकतो, त्या तासात काय काय होऊ शकतं ते सांगतो आणि दोघं मिळून एक रोख ठरवतात. ‘मला बरं व्हायचंय’ हा रोख फार पसरट झाला. ‘बाबा गेले तेव्हापासून मला रडूच आलं नाही, त्याकडे बघायचंय’ हा धरता येण्यासारखा.

स्पर्शाबद्दलही याच वेळी ठरतं. भीती वाटली तर हात धरलेला चालेल का, खांद्यावर हात ठेवलेला चालेल का. जे आधी ठरलं त्यात औषधाच्या अंमलाखाली भर घालायची नाही, कारण त्या अवस्थेतल्या होकाराला अर्थ नसतो. ही नुसती औपचारिकता समजू नका. एमडीएमए या दुसऱ्या औषधाच्या साहाय्याने होणाऱ्या उपचारांच्या कॅनडातल्या चाचणीत उपचार करणाऱ्यांनीच रुग्णाच्या मर्यादा ओलांडल्याचं उघड झालं होतं. दवाखाना हा विषय स्वतःहून काढत नसेल तर तुम्ही काढा.

### त्या दिवशी

चार ते सहा तास पोटात अन्न नको, नाहीतर उलटी होते. घरी न्यायला कुणीतरी हवं. गेल्यावर बीपी, नाडी, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप. लघवीला जाऊन या असं हमखास सांगतात, कारण मध्येच उठणं जमणार नसतं. मग आडवं होता येईल अशी खुर्ची किंवा पलंग, अंगावर पांघरूण, डोळ्यांवर पट्टी, कानांत शब्द नसलेलं संगीत.

औषध देण्याच्या पद्धती वेगवेगळ्या. दंडात इंजेक्शन दिलं तर तीन ते पाच मिनिटांत अंमल चढायला लागतो. सलाईनमधून चाळीस मिनिटं सावकाश जातं, आणि गरज पडली तर मध्येच बंद करता येतं हा त्याचा फायदा. मानसोपचाराच्या प्रकारात जिभेखाली ठेवायची चकतीही बरीच चालते. ती दहा-पंधरा मिनिटं तोंडात धरून ठेवायची, गिळायची नाही. तोंडात कडू लाळ साठत जाते, गिळावंसं वाटतं, आणि मग सगळं थुंकून टाकायचं. गिळलेलं औषध लिव्हरमध्ये मोठ्या प्रमाणात मोडतं, मग किती लागू पडेल याचा नेम राहत नाही आणि मळमळही वाढते.

पहिल्यांदा ओठ आणि बोटांची टोकं बधिर होतात. संगीत एकदम जवळ येतं, काही जणांना ते अंगातून वाहतंय असं वाटतं. शरीर जड होतं, मग कुठे आहे तेच कळेनासं होतं. वेळेचा हिशेब सुटतो. कुणाला रंग आणि आकार दिसतात, कुणाला लहानपणचं घर, कुणाला आपण स्वतःलाच लांबून बघतोय असं वाटतं. काहींना शांत वाटतं. काहींना आपण मेलो अशी खात्री होते आणि ते प्रचंड घाबरतात. काहींना फारसं काहीच होत नाही, आणि त्यांना वाटतं की आपलं काही चुकलं. तसं नसतं.

मध्येच दंडावरची बीपीची पट्टी फुगते. डोळे झाकलेल्या, अंमलाखालच्या माणसाला कुणीतरी दंड आवळतंय असं वाटून तो दचकू शकतो, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. बीपी या काळात वर जातंच, मोजत राहणं गरजेचं असतं. समुपदेशक या वेळात जवळजवळ गप्प असतो. तुम्ही काही बोललात तर लिहून ठेवतो. घाबरलात तर हलक्या आवाजात एवढंच सांगतो की मी इथे आहे, हा औषधाचा अंमल आहे, उतरेल. खोलात जाऊन मन उकलण्याची ही वेळ नव्हे, जीभही धड वळत नसते.

पाऊण ते एक तासात माणूस परत यायला लागतो. डोकं गरगरतं, मळमळतं, पाय डगमगतात. पडण्याचा धोका असतो तो याच वेळी, खुर्चीतून उठून बाथरूमकडे जाताना. हाताला धरून न्यावं. स्प्रावाटो घेतल्यावर निदान दोन तास दवाखान्यातच थांबायचं हा अमेरिकेत नियमच आहे, आणि तो फवारा घरी देतही नाहीत. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, ती दुसऱ्या दिवशी, नीट झोप झाल्यावर. सही करायची कागदपत्रं, नोकरी सोडण्याचा मेल, नवऱ्याला किंवा बायकोला शेवटचं काय ते सांगणं, हेसुद्धा त्या दिवशी नको.

### नंतर: इथेच खरं काम

पुढच्या एक ते तीन दिवसांत समुपदेशकाबरोबर बैठक. समजा कुणी सांगितलं, ‘मी छपरावरून खाली बघत होतो, खाली स्वयंपाकघरात मीच एकटा जेवत बसलो होतो.’ चांगला समुपदेशक याचा अर्थ लावून देत नाही. तो विचारतो, त्याला बघून काय वाटलं? कीव आली, राग आला? हल्ली जेवताना बरोबर कोण असतं? मग बोलता बोलता निघतं की घटस्फोटानंतर गेली दोन वर्षं हा माणूस लॅपटॉपसमोर उभ्या उभ्याच खातोय. आणि बैठकीच्या शेवटी ठरतं की या आठवड्यात दोनदा कुणाबरोबर तरी बसून जेवायचं. छपरावरून दिसलेल्या दृश्याचा उपयोग एवढाच, पण एवढा झाला तरी पुष्कळ. वाफशातली पेरणी ती हीच.

सलाईनच्या पद्धतीत साधारण दोन ते तीन आठवड्यांत सहा मात्रा देतात. मानसोपचाराच्या पद्धतीत मात्रा सहसा लांब अंतराने असतात, मध्ये बोलणं असतं. गुण ओसरू लागला की पुन्हा एखादी. ती किती दिवसांनी आणि कुठवर, याला सर्वमान्य उत्तर नाही. चालू असलेल्या गोळ्या या काळात डॉक्टर सहसा बंद करत नाहीत. दुसऱ्याच दिवशी हलकं वाटलं म्हणून गोळ्या कचऱ्यात टाकल्या, तर दहा दिवसांनी औषधाचा गुण आणि गोळ्यांचा आधार दोन्ही एकदम जातात.

खर्च? अमेरिकेत एका सलाईनला चारशे ते आठशे डॉलर नेहमीच लावतात. समुपदेशकाचे तास वेगळे. साध्या केटामिनचा खर्च विमा कंपन्या बहुधा देत नाहीत, स्प्रावाटोचा बऱ्याचदा देतात.

### ‘ही तर नशाच झाली!’

हा आक्षेप मला हलका वाटत नाही. केटामिनची नशा करतात, त्याची चटक लागते. रोज, भरपूर, महिनोन्‌महिने घेणाऱ्यांच्या मूत्राशयाची आतली बाजू खराब होते. लघवीला सारखं लागतं, आग होते, रक्त जातं, आणि काही तरुणांवर मूत्राशयाची मोठी शस्त्रक्रिया करायची वेळ आलेली आहे. देखरेखीखाली मोजून दिलेल्या थोड्या मात्रांत असं नुकसान क्वचितच दिसतं, पण वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्यांचं काय होतं याची माहिती तोकडी आहे. म्हणून उपचार लांबला तर लघवीच्या तक्रारी दर वेळी विचारल्या गेल्याच पाहिजेत.

पेरीचं प्रकरण इथे नीट वाचायला हवं. तो नैराश्यासाठी दवाखान्यात केटामिनचं सलाईन घेत होता. पण शेवटचं सलाईन मृत्यूच्या दीडेक आठवडा आधीचं होतं आणि केटामिन काही तासांत शरीरातून उतरतं. शरीरात सापडलेलं औषध त्या सलाईनचं असूच शकत नव्हतं, असं अहवालाने स्पष्ट म्हटलं, आणि सापडलेली पातळी शस्त्रक्रियेच्या भुलीइतकी होती. ते बाहेरून मिळवलेलं होतं. त्यासाठी २०२४ मध्ये पाच जणांवर आरोप ठेवले गेले, त्यात दोन डॉक्टर होते. घरी, देखरेखीविना, गरम पाण्याच्या टबात, भुलीच्या मात्रेत: दवाखान्यातल्या उपचारात ज्या ज्या गोष्टी टाळतात त्या सगळ्या तिथे झाल्या.

आणि तरी एक अडचण राहतेच. करोनाच्या काळात अमेरिकेत प्रत्यक्ष न भेटता, व्हिडिओवर बोलून अशी औषधं लिहून द्यायला सूट मिळाली. तेव्हापासून केटामिनच्या चकत्या टपालाने घरी पाठवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये एफडीएने याविरुद्ध जाहीर इशारा दिला. त्यात एका रुग्णाची हकिगत आहे: घरी तोंडाने केटामिन घेतलं, श्वास मंदावला, आणि रक्तातली पातळी भुलीला लागते त्याच्या दुप्पट निघाली. बीपी मोजायला, श्वास बघायला शेजारी कुणी नसताना हे औषध घेणं मला कुठल्याही कारणासाठी पटत नाही. खर्च वाचतो हे कारणही नाही.

### गुण औषधाचा, की आशेचा?

हा प्रश्न संशोधकांनाच सतावतो. मीठपाणी दिलं की केटामिन, हे रुग्णाला पाच मिनिटांत कळतं, मग तुलना करायची कशी? २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी एक शक्कल लढवली. नैराश्य असलेले चाळीस रुग्ण, ज्यांची दुसऱ्याच कारणाने शस्त्रक्रिया व्हायची होती. पूर्ण भुलीखाली असताना निम्म्यांना केटामिन, निम्म्यांना मीठपाणी. अनुभव कुणालाच नाही, त्यामुळे अंदाजही नाही. नंतर दोन्ही गटांचं नैराश्य सारखंच, आणि बरंच, कमी झालं. आपल्याला केटामिनच मिळालं असं ज्यांना वाटत होतं त्यांचं जास्त. दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, तीही २०२३ चीच, गुंगी आणणाऱ्या दुसऱ्या औषधाशी तुलना केली. पुरेशी मात्रा मिळालेल्या केटामिन गटातले सुमारे २० टक्के पूर्ण बरे झाले, दुसऱ्या गटातले २ टक्के. म्हणजे औषधात काहीतरी आहे, आणि अपेक्षेतही पुष्कळ काही आहे.

आणि मानसोपचाराची जोड दिल्याने नुसत्या केटामिनपेक्षा जास्त फायदा होतो का? यावर मोठ्या, काटेकोर चाचण्या अजून फारच थोड्या आहेत. मी इतका वेळ बोलण्याची बाजू घेतली, ती त्यामागचं कारण मला पटतं म्हणून आणि थोड्या अभ्यासांचा कल तसा दिसतो म्हणून. सिद्ध झालं आहे असं कुणी सांगत असेल तर तो पुराव्याच्या पुढचं बोलतोय.

### शॉक ट्रीटमेंटपेक्षा हे बरं का?

‘शॉक नको, त्यापेक्षा हे द्या’ असं घरचे म्हणतात. शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच करतात. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याशिवाय करायला बंदीच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे चारशे रुग्णांवर या दोन्हींची थेट तुलना झाली. केटामिनने ५५ टक्क्यांना आराम पडला, ईसीटीने ४१ टक्क्यांना, आणि स्मरणशक्तीवर केटामिनचा त्रास कमी दिसला. पण त्यात भास-भ्रम असलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते, आणि त्यांना ईसीटीचा गुण विशेष चांगला येतो. खाणंपिणं सोडलेला, बोलायचा बंद झालेला रुग्ण घरात असेल तर डॉक्टर ईसीटी म्हणत असताना केटामिनचा हट्ट धरू नये.

### भारतात?

औषध म्हणून केटामिन इथे सहज बनतं, म्हणूनच कायदा कडक आहे. २०११ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि २०१३ मध्ये ते औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये गेलं. म्हणजे विकायला वेगळा परवाना, विक्रीची नोंद, चिठ्ठीची प्रत जपून ठेवणं. गोव्यात २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मोठा बेकायदा साठा पकडला होता, त्यावरून हा कडकपणा कशासाठी ते कळेल.

काही मोठ्या रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ भूलतज्ज्ञाला बरोबर घेऊन, न हटणाऱ्या नैराश्याला सलाईनमधून केटामिन देतात. मानसोपचाराची पूर्ण जोड असलेली अमेरिकी पद्धत इथे रुळलेली नाही. ‘न हटणारं’ म्हणजे काय तेही बघा: निदान दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही गुण आला नाही तर. आपल्याकडे तीन आठवडे गोळ्या घेऊन मध्येच सोडलेले आणि एकाही समुपदेशकाकडे चार वेळा सलग न गेलेले लोक ‘मला काहीच लागू पडत नाही’ म्हणतात. त्यांच्यासाठी पहिली पायरी केटामिन नव्हे.

### घरच्यांनी काय विचारावं, काय करावं

मुलगी डॅलसहून फोनवर सांगतेय की मी हे सुरू करतेय, तर ‘नशा करतेस का’ असं विचारून तिला गप्प करू नका. विचारा: तपासलं कुणी? त्या वेळी खोलीत कोण असतं, श्वास अडकला तर सांभाळता येईल असं कुणी आहे का? नंतरच्या बैठका कुणाबरोबर, कधी? घरी कोण आणणार? गुण नाही आला तर पुढे काय ठरलंय? उत्तरं नीट येत असतील तर निम्मी काळजी मिटते. न येत असतील तर तिलाही तो दवाखाना पारखायला कारण मिळतं.

सगळ्यात जपायचे ते मधले दिवस. ज्याला दुसऱ्या दिवशी खूप हलकं वाटलं आणि आठवड्याने पुन्हा अंधारून आलं, त्याला वाटतं की शेवटचा उपायही संपला. या वळणावर मरणाचे विचार जोर धरू शकतात. म्हणून मात्रेनंतरचे दोन आठवडे रोज फोन करा, आणि ‘मरावंसं वाटतं का’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर वाट बघू नका. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन लागतो. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, तोही रात्रंदिवस, फुकट, आणि तिथे मराठीत बोलता येतं.